घराच्या बाहेरील भिंतींचा गिलावा : माती, चुना की सिमेंट?

(जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



खरीप हंगामाच्या तोंडावर सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासली की काही नमुने हमखास कमी पडतात. प्लॉट चांगला असतो, मळणीही जपून केलेली असते, तरी उगवण ७० टक्क्यांच्या खाली येते. अशा वेळी पोती कुठे रचली होती, हे मी आधी विचारतो. पुष्कळदा उत्तर येते, "आतल्या खोलीत, भिंतीला लागून." आणि ती भिंत ओली असते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ, त्यात तेलाचे प्रमाण जास्त. बियाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की उगवणशक्ती झपाट्याने घटते. पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हात-दीड हात दूर रचावीत, ही शिफारस तुम्ही अनेकदा ऐकली आहे. पण भिंत ओली का झाली, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून कृषिविद्या शिकवणाऱ्या माणसाने आज गिलाव्याचा विषय घेतला आहे.

आपल्या जिल्ह्यातील जुनी घरे आठवा. अंबड, परतूर, भोकरदन, जाफ्राबाद, कोणत्याही तालुक्यात जा. काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट रुंद भिंती, दगडामध्ये मातीचा चिखल, वर धाबे किंवा माळवद. काही घरे कच्च्या विटांची. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यात पक्क्या विटांची, सिमेंटात बांधलेली घरे वाढली, आणि आता सिमेंटचे ठोकळे व राखेच्या विटाही आल्या आहेत. भिंती इतक्या वेगवेगळ्या, पण गिलावा मात्र सगळ्यांना एकच, सिमेंटचा. पैसे हातात आले की जुन्या भिंतीचे मातीचे लिंपण खरवडायचे, सिमेंट थापायचे आणि "घर पक्के केले" म्हणायचे, अशी रीत पडली आहे. नेमकी हीच रीत भिंतींना बाधते. गिलावा कोणता चांगला, हा प्रश्न भिंत पाहिल्याशिवाय सुटत नाही. जमीन न पाहता वाण निवडण्यासारखेच ते आहे.

भिंतीत पाणी कसे हलते ते आधी पाहू. भारी काळ्या जमिनीत खालची ओल केशाकर्षणाने वर चढते आणि पृष्ठभागावर वाफ होऊन जाते. जाताना क्षार मागे ठेवते, म्हणून चोपण-खारवट जमिनीवर पांढरा थर दिसतो. मातीत बांधलेल्या भिंतीतही हेच घडते. जोत्यात ओल रोखणारा थर नसेल, आणि जुन्या घरांत तो नसतोच, तर पायातली ओल भिंतीत चढते. पूर्वी बाहेरून माती किंवा चुन्याचा थर असे. त्यातून ओल सहज बाहेर पडे आणि भिंत दोन-तीन फुटांच्या वर ओली होत नसे. त्यावर सिमेंटचा घट्ट थर दिला की बाहेर पडण्याची वाट अडते. ओल मग आणखी वर चढते, नाहीतर घराच्या आतल्या बाजूला निघते. क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे खडे होताना ते फुगतात आणि गिलाव्याला ढकलून काढतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. लोणा लागला की लोक त्यावर पुन्हा सिमेंट मारतात, आणि दोन पावसाळ्यांत तो फुटभर वरून निघतो.

दुसरी गोष्ट हालचालीची. मातीची भिंत पावसाळ्यात किंचित फुगते, उन्हाळ्यात आकसते. माती आणि चुना तिच्याबरोबर थोडे हलतात. सिमेंटचा थर कडक, तो हलत नाही, त्याला केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पावसाचे पाणी आत जाते आणि आत गेलेले पाणी त्याच बारीक चिरेतून लवकर बाहेर येत नाही. भिंतीवर बोटाने ठोकून पाहा. बद्द वाजली तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे असे समजा. म्हणून बांधकामाच्या शास्त्रात नियम आहे की गिलावा भिंतीपेक्षा कडक नसावा, आणि गिलाव्याचा बाहेरचा हात आतल्या हातापेक्षा कडक नसावा.

आता एकेक प्रकार घेऊ.

मातीचे लिंपण. याला कमी लेखण्याचे कारण नाही. भोकरदनहून अजिंठा फार दूर नाही. तिथली चित्रे ज्या थरावर काढली आहेत तो मुळात मातीचाच गिलावा आहे, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. दीड हजार वर्षे माती टिकली, कारण ती लेण्याच्या आत होती, तिच्यावरून पाणी वाहिले नाही. मातीचा शत्रू वाहते पाणी आहे. नुसती ओल आली आणि गेली तर माती ते सोसते.

लिंपणासाठी शेतातली काळी माती घेऊ नका. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आपल्या वाडवडिलांनी रान ते काळी आणि गावठाण ते पांढरी असा भेद केला, आणि लिंपणाला व माळवदाला पांढरीचीच माती वापरली. पिढ्यान्पिढ्यांची राख आणि पडलेल्या भिंतींचा ढिगारा मिसळून झालेली ती माती फारशी फुगत नाही. (मात्र गावाजवळची जुनी टेकाडे पोखरू नका. भोकरदनला अशाच टेकाडात सातवाहन काळातले अवशेष निघाले आहेत.) पांढरी मिळाली नाही तर तांबूस पोयट्याची माती घ्यावी आणि हाताला चिकट लागेल तर वाळू मिसळावी. त्यात गव्हाचा भुसा, जमल्यास अंबाडीच्या किंवा तागाच्या वाखाचे बोटभर तुकडे घालून आठवडाभर भिजू द्यावे. दररोज तुडवावे. भुसा कुजू लागला की चिखल लोण्यासारखा मऊ होतो आणि वाळल्यावर पकड धरतो. वरून शेण-मातीचा पातळ हात द्यावा. सगळी भिंत लिंपण्यापूर्वी दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा लिंपून चार दिवस पाहावे. भेगा पडल्या तर वाळू वाढवा, हाताला भुगा लागत असेल तर माती वाढवा. प्रयोगाच्या वाफ्यासारखेच हे आहे.

पावसाचा मार लागणाऱ्या भिंतीसाठी रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने डांबराची मात्रा दिलेला मातीचा गिलावा विकसित केला आहे. त्याची कृती अशी. ८०/१०० प्रतीचे दीड किलो डांबर वितळवून त्यात १५ ग्रॅम मेण घालावे आणि हे मिश्रण ३०० मि.लि. रॉकेलमध्ये ढवळत ओतावे. एवढी मात्रा सुमारे ३० लिटर तयार चिखलाला पुरते. डांबर चुलीवरून उतरवून लांब नेल्यावरच रॉकेलमध्ये ओतावे आणि तिथे विडी-काडी नको. एक अडचण आहे. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही. डांबर रस्त्याच्या ठेकेदाराकडे मिळू शकते. हा गिलावा काळसर दिसतो, म्हणून वरून शेण-मातीचा हात आणि मग सफेदी करावी.

मातीच्या लिंपणाचा खरा खर्च मजुरीत असतो, आणि ती मजुरी घरातल्या बायकांची असल्याने कोणी हिशेबात धरत नाही. दर सणाला भिंती सारवण्याचे काम त्यांच्याकडे. "सिमेंट मारले म्हणजे एवढी तरी कटकट मिटते," असे ज्या भगिनी म्हणतात त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. म्हणून पुढचा प्रकार नीट ऐका.

चुन्याचा गिलावा. मोसंबी लावताना आपण चुनखडीच्या जमिनीला नाक मुरडतो, कारण त्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. त्याच चुनखडीचे खडे भट्टीत भाजून आपल्या भागात चुना तयार होत असे. त्यात मातीचा अंश असल्याने तो थोडा पाण्यातही घट्ट होतो, हा त्याचा गुण. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहा. सतराव्या शतकातील ही इमारत दुरून सगळी संगमरवरी वाटते, पण संगमरवर घुमटाला आणि खालच्या काही भागालाच आहे. उरलेले बरेचसे काम घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याचे. त्यावर साडेतीन शतकांचे ऊन-पाऊस पडले आहेत. अर्थात त्याची डागडुजी होत आली आहे, ती न करता कोणताच गिलावा टिकत नाही.

चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. म्हणून त्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच तो मागे पडला. सिमेंट दुसऱ्या दिवशी हाताला टणक लागते, चुना महिनाभर मऊच असतो. पण त्याचे तीन गुण सिमेंटात नाहीत. तो ओल बाहेर जाऊ देतो. भिंतीबरोबर थोडा हलतो. आणि बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना चिरेत पुन्हा जमून ती बुजवतो.

कळीचा चुना मिळाला तर तो पाण्यात विरवून निदान दोन आठवडे, जमेल तितका जास्त काळ पाण्याखाली ठेवावा. न विरलेली कणी राहिली तर ती पुढे भिंतीत फुगते आणि टवके उडतात. विरवताना पाणी उकळते. लहान मुलांना दूर ठेवा, डोळ्यांवर चष्मा घाला. डोळ्यात चुना गेला तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. बाजारात पिशवीतली फकी मिळते, ती ताजी आणि कोरडी असेल तर चालते. तीही एक-दोन दिवस पाण्यात भिजवून घ्यावी. एक माप चुन्याला अडीच ते तीन मापे चाळलेली वाळू घ्यावी. जोत्याजवळ आणि पावसाच्या बाजूला वाळूतील एक माप कमी करून त्याजागी सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची बारीक पूड घालावी, त्याने चुना लवकर आणि पाण्यातही घट्ट होतो. पूर्वी बैलाच्या घाणीत हा माल दळत. आता गिरणी नसली तरी पायाने तुडवून आणि दांडक्याने ठोकून माल एकजीव करता येतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालण्याची जुनी पद्धत होती. जाणकार गवंडी असेल तर जरूर घालू द्या, पण नुसत्या गुळाने वाईट चुना सुधारत नाही. एका हातात अर्ध्या इंचापेक्षा जाड थर देऊ नये, पहिला हात घट्ट झाल्यावर दुसरा द्यावा आणि भिंत दोन आठवडे ओल्या पोत्यांनी सावलीत ठेवावी.

अडचण गवंड्याची आहे. चुन्यात काम केलेले हात आता थोडे उरले आहेत. गावात असा एखादा म्हातारा गवंडी असेल तर त्याला ओट्यावर बसवून तरुण गवंड्याकडून काम करून घ्या. दोघांचाही फायदा होईल.

सिमेंटचा गिलावा. पक्क्या विटांच्या, सिमेंटात बांधलेल्या, जोत्यावर ओल रोखणारा थर असलेल्या भिंतीला सिमेंटच योग्य आहे, याबद्दल वाद नाही. इथे तक्रार असते ती कामाची. बाहेरच्या बाजूला एकूण २० मि.मी. गिलावा दोन हातांत करावा. पहिला हात १२ ते १५ मि.मी., तो खरबडीत ठेवावा, दुसरा उरलेल्या जाडीचा. एकास चार प्रमाण घेतले तर शंभर चौरस फुटांना सुमारे दीड पोते सिमेंट लागते, एकास सहाला एक पोत्याच्या थोडे वर. ठेकेदाराने किती पोती वापरली हे मोजायला एवढा हिशेब पुरे. सिमेंट जास्त म्हणजे काम चांगले, असे मात्र नाही. एकास तीनचा माल आकसतो आणि जास्त तडकतो.

वाळू ही खरी दुखणी गोष्ट. गोदावरी, दुधना, पूर्णेची वाळू महाग आणि दुर्मिळ झाली आणि जी येते तिच्यात गाळ फार. काचेच्या सरळ बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चमचाभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या शंभराला आठपेक्षा जास्त असेल तर वाळू धुऊन घ्या. दगडाची कृत्रिम वाळू चालते, पण गिलाव्यासाठी वेगळी धुतलेली मिळते तीच घ्यावी, क्रशरची नुसती धूळ नको. मचूळ विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मालात वापरले तर लोण्याचे बी तुम्ही स्वतःच पेरले.

माल कालवल्यावर अर्ध्या तासात संपला पाहिजे. वाळू लागला म्हणून त्यात पुन्हा पाणी घालून चालवणे ही सर्रास चालणारी चोरी आहे, आणि ती गवंड्यापेक्षा मालकाच्या घाईमुळे होते. गिलावा चढवण्यापूर्वी विटांचे सांधे अर्धा इंच खरवडावेत आणि भिंत भिजवावी. भिंत किती ओली हवी? वाफशावर हवी. पाणी ओघळत असेल तर माल घसरतो, कोरडी असेल तर वीट मालातले पाणी शोषून घेते. काँक्रीटचा खांब आणि वीट जिथे भेटतात तिथे तारेची जाळी ठोकावी, नाहीतर तिथेच उभी चीर पडते.

मिश्र गिलावा. माझी स्वतःची पसंती साध्या पक्क्या विटांच्या घरासाठी याला आहे. एक माप सिमेंट, एक माप चुन्याची फकी, सहा मापे वाळू. माल मऊ चालतो, पाणी धरून ठेवतो, चिरा कमी पडतात. मऊ किंवा कमी भाजलेल्या विटांना एकास दोनास नऊ घ्यावे. गवंडी नवीन म्हणून कुरकुर करतात, पण दोन घमेली थापून पाहिली की बहुतेकांना आवडतो.

दुकानात आता आणखी काही प्रकार मिळतात. जिप्समचा गिलावा बाहेरच्या भिंतीला कधीही करू नका, तो पाण्याने मऊ पडतो, त्याची जागा घरात. पिशवीतला तयार माल चांगला असतो, पण तोही सिमेंटचाच आहे, मातीच्या भिंतीला वरचे सगळे आक्षेप लागू आहेत. दाणेदार टेक्स्चर रंग हा रंग आहे, गिलावा नव्हे. आणि परदेशात भिंतीवर फोमचे तक्ते लावून वर पातळ गिलावा देतात. थंड देशात तो उपयोगी असेल. आपल्याकडे घुशी, उंदीर आणि भिंतीला मान घासणारा बैल, यांच्यापुढे तो किती दिवस टिकेल याचा तुम्हीच अंदाज करा.

आता सर्वांत महत्त्वाचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे घरांखाली गेली. ती घरे आपल्यासारखीच होती, मातीत रचलेल्या दगडाच्या रुंद भिंती आणि वर दरवर्षी मातीचा थर चढवून जड झालेले माळवद. अशा भिंतीत आतली आणि बाहेरची अशा दगडांच्या दोन रांगा असतात आणि मध्ये चिपा-मातीची भर. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्याने रांगा फाकतात. पाऊण इंच सिमेंटने या रांगा बांधल्या जात नाहीत. उलट भिंतीचे फुगलेले पोट, सुटलेले सांधे, आतली ओल, हे सगळे त्या थराखाली झाकले जाते आणि घरमालक निश्चिंत झोपतो. गिलावा हा भिंतीचा अंगरखा आहे, हाडे नव्हेत. तुमच्या जुन्या भिंतीला पोट आले असेल तर आधी पोट उतरवा, ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांध घाला, माळवदावरची जास्तीची माती काढा, आणि मग गिलाव्याकडे वळा. हे काम अभियंत्याच्या सल्ल्याने करावे, अंदाजाने दगड काढत बसू नये.

ज्यांनी जुन्या दगड-मातीच्या भिंतीला आधीच सिमेंट मारले आहे त्यांनी घाबरून सगळे फोडू नये. जिथे बद्द वाजते आणि लोणा आहे तिथला, जोत्यापासून ओलीच्या रेषेच्या फुटभर वरपर्यंतचा भाग हिवाळा संपताना काढावा. सांधे खरवडून, कोरडा लोणा झाडून लांब टाकावा. भिंतीच्या पायाशी टाकला तर पहिल्या पावसात तो परत भिंतीत जातो. पूर्ण उन्हाळा भिंत उघडी वाळू द्यावी. पावसाळ्याच्या आधी सांधे चुन्याने भरून त्यावर चुना-सुरखीचा गिलावा द्यावा आणि चुन्याची सफेदी करावी. त्यावर ऑइलपेंट नको, नाहीतर सगळा खटाटोप पाण्यात.

सिमेंटच्या किंवा मिश्र गिलाव्याचे काम केव्हा काढावे? आपल्याकडे लग्नसराईच्या आधी, एप्रिल-मेमध्ये काढतात. त्या वेळी पारा ४० अंशांच्या वर, विहिरी तळाला, आणि टँकरचे पाणी पिण्याला पुरत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने हे पुरते पाहिले आहे. सिमेंटला निदान सात दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी मिळाले नाही तर गिलावा भुसभुशीत राहतो, नखाने निघतो. दिवाळीनंतर विहिरीला पाणी असते, ऊन सौम्य असते आणि खरिपाचे पैसेही हातात असतात. तेव्हाच काम काढावे, पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर घ्यावी, आणि भिंतीवर ओली पोती टांगावीत म्हणजे पाणी कमी लागते.

शेवटी पाणी वाहण्याची जागा. पावसाचा मार पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून जास्त बसतो, त्या भिंतीवर पत्रा किंवा छज्जा निदान दीड फूट पुढे काढा. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवली की पाणी भिंतीकडे न येता तिथेच टपकते. पागोळ्या पडतात तिथे मुरूम टाकून जमीन घरापासून बाहेर उतरती करा. गिलावा जमिनीला टेकवू नका, चार बोटे वर थांबवा. न्हाणीचे पाणी ज्या भिंतीशी मुरते ती भिंत कोणत्याच गिलाव्याने कोरडी राहणार नाही, त्या पाण्याला परसातल्या लिंबाच्या किंवा केळीच्या आळ्याची वाट करून द्या.